सलोखा परिषदेतली कासवं

आमच्या घरापासून ट्रामनं अकरा थांब्यांवर आंतरराष्ट्रीय सलोखा परिषदेचं मुख्यालय आहे. सव्वीस वर्षं मी व्हिएन्नात राहतोय आणि सव्वीस वर्षं कामावर जाताना ती काचेची इमारत माझ्या डाव्या हाताला येते. आत नेमकं काय चालतं हे मला कधी कळलं नाही. शंभरेक देशांची माणसं तिथं जमतात, एकमेकांशी नीट वागायचं ठरवतात आणि ठरवून झालं की घरी जातात, एवढं ऐकून होतो. मी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढणारा माणूस. जगाच्या सलोख्याशी माझा संबंध इतकाच, की तिथले दोनचार अधिकारी आमच्याकडे चष्मे करायला येतात आणि फ्रेम निवडताना बायकोशी कडाकडा भांडतात.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी आईचा फोन आला. आई सर्बियात पिरोतला असते, एकटी. हवा, मिरच्या आणि गावात कोण वारलं, हा तिचा बोलण्याचा ठरलेला क्रम. त्या दिवशी तिनं क्रम सोडला.

"पोरा, ते सलोखावाले तुझ्याच गावात ना रे?"

"हो. माझ्या ट्रामच्या वाटेवर."

"मग एकदा आत जाऊन ये. आमचा गालिचा आहे तिथं. कासवं चेपलीयत का बघ आणि मला सांग."

आई ऐंशीची आहे, आणि या वयात कासवं दिसायला लागली की पुढं काय होतं ते आम्ही शेजारच्या घरात पाहिलेलं आहे. पण आईचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत होतं. पुढच्या अर्ध्या तासात तिनं मला जे सांगितलं ते पन्नास वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

सन चौऱ्याहत्तर. आमचा देश तेव्हा एकच होता. नंतर त्याचे किती तुकडे झाले हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर अवलंबून आहे. तर त्या देशाच्या सरकारनं सलोखा परिषदेला एक मोठा गालिचा भेट द्यायचं ठरवलं आणि काम पिरोतच्या विणकर बायकांकडे आलं. पिरोतच्या गालिचाला लव नसते, तो पुढून आणि मागून अगदी सारखा असतो, आणि या गालिचावर सगळी कासवांची नक्षी घालायची होती. एका उंच मागासमोर दोघी शेजारी शेजारी बसल्या. उजव्या अंगाला आई आणि डाव्या अंगाला तिची जिवाभावाची मैत्रीण पेर्सा. दोघींनी आपापल्या अर्ध्यात खालून वर कासवांच्या रांगा चढवत न्यायच्या. निम्मा गालिचा झाला आणि एका जागी आईची धाग्यांची मोजणी चुकली. पेर्साच्या ते लक्षात आलं. तिनं आईला न सांगता थेट मुकादमबाईला सांगितलं. दोन दिवसांचं काम चारचौघींसमोर उसवावं लागलं.

"चूक माझीच होती," आई म्हणाली. "पण कोपराला कोपर लागत होतं आमचं. मला सांगायला तिच्या जिभेला काय झालं होतं?"

त्यानंतर सात आठवडे त्या दोघी एकाच बाकावर बसून विणत होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. आईनं तर मानसुद्धा डावीकडे वळवली नाही. सगळा राग तिनं धागा बसवायच्या लाकडी पंजावर काढला. एरवी दोनदा ठोकायचं तिथं ती पाचदा ठोकायची.

"माझ्याकडची कासवं चपटी झाली असणार रे. तिच्याकडची गुबगुबीत आणि माझ्याकडची कुणी वर बसल्यासारखी. एक अंग लांब, एक अंग आखूड. मागावरून उतरवायच्या दिवशी दाढ दुखतेय म्हणून मी घरी बसले. मला बघायचंच नव्हतं. पन्नास वर्षं झाली, साऱ्या जगाचे राजदूत आमचं भांडण बघत येजा करतायत."

"पण आई, गालिचा पुढून मागून सारखा. त्यांनी उलटा टांगला असेल तर तुझी बाजू कोणती हे मला कसं कळणार?"

"चेपलेली असेल ती माझी," आई म्हणाली.

मग तिनं क्रमातली शेवटची गोष्ट सांगितली. पेर्सा वसंतात वारली होती, डोंगरापलीकडं तिच्या सासरच्या गावी. आई काळे कपडे घालून थांब्यापर्यंत गेली. बस आली, दार उघडलं, दार लागलं, बस गेली आणि आई थांब्यावरच उभी होती. हे तिनं हवा सांगावी तशा आवाजात सांगितलं.

मी म्हणणार होतो की फोटो काढून पाठवतो, पण वेळेवर जीभ चावली. आईच्या नजरेच्या मधोमध आता काळा डाग आहे, कडेकडेनं जेमतेम दिसतं. आयुष्यभर मी लोकांचे डोळे तपासले, आणि माझ्या आईला बसवता येईल अशी काच जगात कुठं मिळत नाही. याचं मला वाईट वाटतं आणि संतापही येतो.

"तूच बघ," ती म्हणाली. "पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. मला आवाजावरून कळतं."

माझी बायको यागोदा सगळं ऐकत होती. "त्यात काय? ट्रामनं जा, बघ, ये," ती म्हणाली. "तासाचं काम." आमच्या घरात जी जी कामं तासाची म्हणून सुरू झाली, त्यांतलं न्हाणीघराच्या नळाचं काम अजून चालू आहे.

सोमवारी मी परिषदेला फोन केला. तो सहा जणांकडून फिरत भेटवस्तू विभागातल्या एका अतिशय सभ्य बाईंकडे पोचला. त्यांनी सांगितलं की गालिचा आहे, भेट क्रमांक दोनशे अठरा, पण तो पाहुण्यांच्या मार्गावर नाही. मार्गाबाहेरची भेटवस्तू पाहायची तर ती देणाऱ्या देशाच्या वकिलातीकडून लेखी विनंती यावी लागते.

"देणारा देश कोणता?"

मी नाव सांगितलं. पलीकडून बराच वेळ टकटक ऐकू आली.

"हा देश आमच्या यादीत नाही."

"तो कुठंच नाही, बाई."

"मग त्यांना अर्ज करायला सांगा," बाई तितक्याच सभ्यपणे म्हणाल्या.

मी ही हकिगत जिन्यात सांगितली ही माझी पहिली चूक. आमचा जिना म्हणजे जिना क्रमांक चार. त्या यादीत नसलेला देश या जिन्यात अजून नांदतो, फक्त वेगवेगळ्या मजल्यांवर. दुसऱ्या मजल्यावर ज्वोन्को, क्रोएशियाचा, तीस वर्षं व्हिएन्नाच्या बसवर चालक होता. निवृत्तीनंतर जिन्यातली वाहतूक तो सांभाळतो. तिसऱ्या मजल्यावर हासिबाताई, बोस्नियाच्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही, कारण जिन्यातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं आहे.

"शेजाऱ्या, तुला कायदा कळत नाही," ज्वोन्को कठड्यावर रेलून म्हणाला. "माणूस मेला की वारसांच्या सह्या घेतात. देश मेला तर वेगळं काय? सगळ्या वारसांकडे जा, सह्या घे."

"आणि एखादा वारस नाही म्हणाला तर?"

"तर तो वारस नाही. संपला विषय."

मी खरोखरच गेलो. कोणकोणत्या वकिलातीत गेलो ते सांगत नाही, मला याच जिन्यात राहायचं आहे. पहिल्या ठिकाणचे गृहस्थ म्हणाले की गालिचा निर्विवाद त्यांचाच, पण त्यांनी एकट्यानं विनंती केली तर बाकीचे रागावतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की त्या काळात काय काय वाटलं गेलं याची जबाबदारी ते घेत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी एका तरुणानं विचारलं की कासवं कोणत्या जातीची आहेत, आणि वन खात्याचा पत्ता दिला. चौथ्या ठिकाणच्या प्रौढ बाईंनी मला कॉफी पाजली, आपण शाळेच्या सहलीतून पिरोतला गेलो होतो हे सांगितलं, माझा अर्ज दोनदा वाचला, डोळे टिपले आणि अर्ज तसाच परत दिला. "तुमचं काम व्हावं असं मला मनापासून वाटतं," त्या म्हणाल्या, "पण यावर शिक्का कुठला मारू?" पाचव्या वकिलातीत मी खिडकीपर्यंत गेलोच नाही. रांगेतला नंबर हातात होता, तो तिथल्या कुंडीत खोचून बाहेर आलो.

दर रविवारी आई विचारायची, "झालं का जाणं?" आणि मी म्हणायचो, "कागद चालू आहेत." मग ती हवा सांगायची. तिच्या आवाजात एक घाई आली होती, ती मला ऐकू यायची आणि रात्री झोप लागायची नाही.

शेवटी हासिबाताईंनी मला कपड्यांच्या दोरीपाशी गाठलं.

"काय रे तिहोमिर, एवढा शिकलेला तू. ते लोक दर गुरुवारी इमारत दाखवतात ना फुकट? दहा जण असले की झालं. आत तर शीर! आत शिरलेल्या माणसाला बाहेर काढणं फार कठीण असतं, हे मी चाळीस वर्षं इस्पितळात बघितलंय."

दहा जण कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. हासिबाताई आठवड्यातून दोनदा आमच्या फावोरिटेन वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेतात. त्यांनी नावनोंदणी केली आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता, चोपन्नाव्या वर्षी, अंगावर लग्नातला कोट आणि छातीवर "फावोरिटेन सांधेदुखी मंडळ" अशी चिठ्ठी लावून मी सलोखा परिषदेच्या दारात उभा होतो. दुर्दैवानं त्याच वेळी माझा एक गिऱ्हाईक अधिकारी समोरून गेला. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हळहळून मान हलवली. त्याला ती चिठ्ठी एवढ्या लांबून वाचता आली, म्हणजे नंबर बरोबर निघाला होता, एवढंच समाधान.

तपासणीला आम्ही पाऊण तास घेतला. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं. मी हे विसरून गेलो होतो, मंडळ विसरलं नव्हतं. यंत्रातून एकामागून एक पिशव्या जाऊ लागल्या आणि पडद्यावर बाटल्या उमटू लागल्या. भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या सात, आलुबुखाराच्या मुरंब्याच्या तीन, आणि ज्वोन्कोच्या कोटात एक चपटी बाटली होती, तिला तो सांध्यांचं औषध म्हणत होता. पहारेकऱ्यांचा प्रमुख प्राशेक नावाचा लांब मिशांचा गृहस्थ होता.

"हे काय आहे?" त्यानं लाल बाटली उजेडात धरून विचारलं.

"तुमच्यासाठी," हासिबाताई म्हणाल्या. "घरचं आहे. किती वाळलायत!"

"बाई, आत द्रव पदार्थ नेता येत नाही."

"द्रव? माझी चटणी द्रव? अहो, चमचा उभा राहतो तिच्यात!"

प्राशेकनं नियम म्हणून चमचा मागवला. चमचा उभा राहिला. तरीही बाटल्या जप्त झाल्या, आणि हासिबाताईंना जप्तीपेक्षा तो संशय जास्त लागला.

माहिती सांगायला योहाना नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती पाठमोरी चालत बोलायची आणि कुठंही धडपडायची नाही, याचं आम्हा सर्वांना कौतुक वाटलं. मी तिला सुरुवातीलाच गालिचाबद्दल विचारलं. ती गोड हसून म्हणाली, "तो तिसऱ्या मजल्यावर आहे, आपल्या मार्गात येत नाही." मी दर दहा मिनिटांनी पुन्हा विचारत राहिलो. प्रत्येक वेळी हसू थोडं कमी होत गेलं.

मोठ्या सभागृहात मात्र वेगळंच झालं. अर्धगोलात शंभरेक खुर्च्या, प्रत्येकीसमोर देशाच्या नावाची पाटी. योहाना म्हणाली, "तुमच्या तुमच्या देशाची खुर्ची शोधा!" मंडळ पांगलं. आपापल्या पाट्या सगळ्यांना पटकन सापडल्या, पण थोड्या वेळानं पाहतो तर निम्मं मंडळ शेवटच्या रांगेच्या टोकाशी घुटमळत होतं. ज्वोन्को, जो त्या जुन्या देशाबद्दल आयुष्यात बरा शब्द बोललेला नाही, बोटानं रोमन वर्णमाला मोजत तिथं आला होता.

"इथं असणार," तो म्हणाला. "इथं आमची होती."

"खुर्च्या पुढं सरकवल्या आहेत," योहानानं सांगितलं. "जागा रिकामी ठेवत नाहीत."

"बरोबर आहे," ज्वोन्को म्हणाला. "बसमध्येही नसतात ठेवत." मग तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उगाच थोडा वेळ उभा राहिला. त्याचं त्याला काय आठवत होतं ते मी विचारलं नाही, मीही शेजारच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

तिथून पुढं दोन इमारतींना जोडणारा एक लांब बंदिस्त पूल लागतो. त्याच्या दोन्ही टोकांची जाड दारं लाकडी पाचर लावून उघडी ठेवली होती. योहाना आणि मंडळ पुढं गेलं, आणि मी, ज्वोन्को आणि हासिबाताई मागं राहिलो. पुलाच्या मध्यावर आलो आणि मानेवरून गार वारा सळसळत गेला.

आता हे सांगायलाच हवं. समोरासमोरची दोन दारं उघडी आणि मधून वारा, याला आमच्याकडे प्रोमाया म्हणतात. आमच्या लोकांनी सीमा बदललेल्या पाहिल्या, नोटा बदललेल्या पाहिल्या, घरं जळलेली पाहिली, आणि तरीही त्यांना खरी भीती वाटते ती प्रोमायाची. मान आखडते ती तिच्यानं, दाढ सुजते ती तिच्यानं, आणि आमच्या एका काकांचं लग्न मोडलं तेही तिच्यामुळेच असं मानतात. ऑस्ट्रियाच्या लोकांना ती लागत नाही. त्यांना तिचं अस्तित्वच माहीत नाही.

"प्रोमाया!" हासिबाताई ओरडल्या.

पुढचं विचार न करता झालं. ज्वोन्कोनं पळत जाऊन पुढच्या दाराची पाचर लाथेनं उडवली, हासिबाताईंनी मागच्या दाराची उपटली, आणि मी, लग्नातल्या कोटाची कॉलर वर करून, मधली उघडी खिडकी लावून टाकली. दोन्ही दारं धाडकन बसली. वारा थांबला. आम्हाला फार बरं वाटलं. मग ज्वोन्कोनं मूठ फिरवून पाहिली. ती दारं आतून फक्त कर्मचाऱ्यांच्या कार्डानं उघडत होती.

वीस मिनिटं आम्ही त्या पुलात उभे होतो. पहिली पाच मिनिटं चूक कुणाची यावर गेली. मग मी खिडकीपाशी जाऊन खाली पाहत राहिलो. माझी ट्राम गेली, मग दुसरी गेली. योहाना आता मंडळाला घेऊन बाहेर पडली असेल, आणि सांधेदुखी मंडळाला पुन्हा कधी कुणी आत घेणार नाही. रविवारी आई विचारेल तेव्हा काय सांगायचं? एकदा वाटलं, खोटं सांगावं की गालिचा सरळ आहे. पण तिला आवाजावरून कळलं असतं, आणि मग तिनं पुढं कधी विचारलंच नसतं. त्या विचारानं माझे डोळे भरून आले. हासिबाताईंनी ते पाहिलं आणि माझी कॉलर नीट केली.

बाजूच्या जिन्याचं दार कार्डानं उघडून प्राशेक आला.

"दारं का लावलीत?"

"वारा येत होता," हासिबाताई म्हणाल्या.

"वारा यावा म्हणूनच उघडी होती! रंग वाळायचा होता!"

"रंग उद्या वाळेल," ज्वोन्को म्हणाला. "आखडलेली मान आठ दिवस सुटत नाही."

प्राशेकला अहवाल लिहावा लागणार होता. त्यानं नियमाप्रमाणे तिघांना वेगवेगळं बाजूला घेऊन कारण विचारलं आणि तिघांनी एकच शब्द सांगितला. त्या देशाच्या माणसांचं कुठल्याही मुद्द्यावर एकमत झाल्याची बऱ्याच वर्षांतली ती पहिलीच नोंद असावी. नंतर तो म्हणाला की कुलूप असं अडकलंय की पुढं नेता येत नाही, मागं नेता येत नाही, आता त्याला आम्हाला नोकरांच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यावं लागेल.

"तिसऱ्या?" मी विचारलं.

"का? तिसऱ्या मजल्यावर पण वारा असतो का?" प्राशेक म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावर उपाहारगृहाबाहेर एक रुंद बोळ आहे, आणि बोळाच्या टोकाला, कॉफीच्या यंत्राशेजारी, लाल दोरीच्या पलीकडं आईचा गालिचा टांगलेला होता. मला तो एकदम ओळखू आला, मी तो आधी कधीच पाहिला नव्हता तरी. आमच्या घरातला वास येईल असं वाटलं, पण कॉफीचाच येत होता. खाली पितळी पाटी होती. ज्वोन्कोनं तिच्यावरचं देशाचं नाव मोठ्यानं वाचलं. हासिबाताई म्हणाल्या, "आमच्याकडे असाच होता, लहान. घराबरोबर गेला."

मी कासवं पाहू लागलो. खालच्या निम्म्यात ती गुबगुबीत होती, डावीकडे आणि उजवीकडे. मध्यावर येऊन मी थांबलो. मग वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, गिऱ्हाइकांना सांगतो तसा. तीनदा वरपासून खालपर्यंत मोजलं. आणि तिथूनच आईला फोन लावला.

"आई, मी गालिचासमोर उभा आहे."

तिकडे खुर्ची सरकली. "सांग."

"मध्यापासून वर चेपलीयत."

"मला माहीतच होतं." तिचा आवाज बारीक झाला. "किती?"

"चांगलीच. कुणी वर बसल्यासारखी. पण आई, दोन्हीकडची."

"दोन्हीकडची म्हणजे?"

"डावी-उजवी दोन्ही. सारखीच. अगदी एकेक रांग. गालिचा सरळ आहे, ओळंब्यात. कुठं तिरका नाही. नेहमीपेक्षा थोडा आखूड असेल, पण दोन्ही अंगांनी तेवढाच."

मी आईला श्वास घेताना ऐकत होतो. प्राशेकनं घड्याळाकडे पाहिलं, हासिबाताईंनी प्राशेककडे पाहिलं, आणि त्यानं घड्याळ बाहीखाली घेतलं.

"मी एकदाही तिकडं वळून बघितलं नव्हतं," आई शेवटी म्हणाली. "सात आठवडे. म्हणजे ती बघत होती. मी जेवढं ठोकलं तेवढं तीही ठोकत गेली, गालिचा वाकडा होऊ नये म्हणून." मग म्हणाली, "तिचं मनगट दुखायचं रे. बाळंतपणापासून. रात्री मीच तेल लावून द्यायची तिला, आधी."

मी म्हणालो, "आई."

"हात लाव," ती म्हणाली. "तिच्या बाजूला."

मी दोरीकडे हात नेला. प्राशेक मध्ये आला आणि बोटानं भिंतीवरची सूचना दाखवली. दोरीच्या आत फक्त देणाऱ्या देशाच्या प्रतिनिधीला, देखभालीपुरतं जाता येत होतं.

"तुमच्यापैकी प्रतिनिधी कोण आहे?" त्यानं अगदी नियमानं विचारलं.

मी हात वर केला. शेजारी पाहतो तर ज्वोन्कोचाही वर होता, आणि हासिबाताईंचाही. प्राशेकनं तिन्ही हात पाहिले, छातीवरच्या तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या, मिशी ओढली आणि दोरीचा आकडा सोडला.

"देखभाल लवकर आटपा," तो म्हणाला.

मी आत गेलो. इतक्या जवळून गालिचा भिंतीएवढा दिसत होता. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पुढून मागून सारखा, कुणी कसा टांगला असेल कोण जाणे.

"लावलास का?" आईनं विचारलं.

"आई, तिची बाजू कोणती ते ओळखूच येत नाही."

"ओळखू येत नाही?"

"अजिबात नाही."

आई रडत होती. लपवत नव्हती.

"मग दोन्हीकडं लाव," ती म्हणाली. "आणि लवकर काढू नकोस."